मला नाही वाजत थंडी

डिसेंबर २०२४च्या मध्यावर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किमान तापमानाची नोंद ४.१ अंश सेल्सिअस झाली. मैदानी प्रदेशात पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आला, की हवामान खातं बाकी काही न बघता थंडीची लाट आली असं धरतं. परभणी त्या रेघेच्या अगदी कडेला होती. अशा दिवसांत शेजारच्या जालना जिल्ह्यातही पहाटे घराबाहेर पाऊल टाकवत नाही. तरीही सकाळी साडेसहा-सातला घनसावंगी तालुक्यातल्या रस्त्यांवर चौदा-पंधरा वर्षांची पोरं नुसत्या शर्टावर सायकली मारत शाळेला, क्लासला जाताना दिसतात. हँडलवरची बोटं आखडलेली असतात, नाक गळत असतं, आणि घरी खुंटीला स्वेटर लटकत असतो.

त्याआधी घरात झालेली बोलाचाली ठरलेली असते.

“आरं, सुटर घाल की. केवढं हिव पडलंय बाहीर.”

“नको.”

“कामून नको? मागच्या बाजारी तर आणलाय.”

“मला नाही वाजत थंडी.”

एवढं बोलून पोरगं सायकलवर टांग टाकतं. आई चिडते, आजी ‘हे वयच तसलं’ म्हणून चुलीपुढे हात शेकत बसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहाटेचा गारवा सुरू झाला, की दोन-तीन आठवड्यांत ही बोलाचालीही सुरू होते. तिला पोराचा हट्ट म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण हा नकार येतो कुठून याचा माग काढत गेलं, की मोठ्यांनी आखलेलं वेळापत्रक, गणवेशाचे नियम आणि घरातली ओढाताण अशा गोष्टी एकामागून एक पुढे येतात. त्यांच्याकडे मोठ्यांनीच बघायला हवं.

घनसावंगी तालुक्यातलं कुंभार पिंपळगाव हे अंबडहून पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब इथून जवळच. दक्षिणेला गोदावरी, तालुक्यात फिरलेलं जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी, त्यामुळे कापूस-तुरीच्या जोडीला ऊस आणि मोसंबी. आसपासच्या खेड्यांतली, तांड्यांवरची, शेतातल्या आखाड्यांवरची मुलं अशा मोठ्या गावात शिकायला येतात. कुणी पायी, कुणी सायकलवर, कुणी एसटीने, कुणी बापाच्या मोटारसायकलवर तिघांत तिसरं बसून.

इथली थंडी हिमाचलसारखी दिवसभर मुक्कामाला राहत नाही. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता सोडून देते आणि सूर्योदयाच्या सुमाराला पारा तळाला जातो. उत्तरेचं वारं सुटलं, की आणखी खाली. मात्र ऊन चढायला लागलं, की तोच पारा भराभर वर येतो आणि दुपारी पुष्कळदा २८-३० अंशांना टेकतो. एका दिवसात अठरा-वीस अंशांचा फरक पडतो. रब्बीला हा गारठा मानवतो. गहू फुटवे धरतो, हरभरा जोमात येतो, म्हणून थंडी पडली की शेतकरी बाप समाधानात असतो. त्याच्या पोराला मात्र सकाळी सातला घातलेला स्वेटर दहा-अकरानंतर अंगावर नकोसा होतो आणि तिथून घरी पोचेपर्यंत तो सांभाळायचा असतो.

सांभाळायचा कुठे, हा प्रश्न मोठ्यांना कधी पडत नाही. दप्तरात वह्या-पुस्तकं, डबा आणि पाण्याची बाटली कोंबलेली, त्यात स्वेटर मावत नाही. कमरेला बांधला तर सर ओरडतात. बाकावर ठेवला तर त्यावर कुणीतरी बसतं. सायकलच्या कॅरियरला लावला तर शाळा सुटेपर्यंत तो तिथे असेल याची खात्री नाही, आणि हरवला तर घरी बोलणी खावी लागतात. तीन-चार तासांच्या उबेसाठी दिवसभराचा घोर. नववीतलं पोरगं हा हिशेब मनातल्या मनात मांडतं आणि कुडकुडत जाणं पसंत करतं. हिशेब म्हणून त्यात काही खोट नाही.

आता तो खुंटीवरचा स्वेटर जरा हातात घेऊन बघू. बाजारात लोकरीचा म्हणून मिळणारा स्वस्तातला स्वेटर बहुतेक वेळा ॲक्रिलिकच्या धाग्याचा असतो. देशभर असा माल पुरवणारं मोठं केंद्र पंजाबातलं लुधियाना. रंग मरून नाहीतर नेव्ही ब्लू. महिन्याभरात काखेत आणि बाह्यांवर गोळे धरतात, गळ्याशी खाजतं, मनगटाची वीण सैल पडून बाही बोटांवर उतरते, आणि त्या बाहीच्या टोकावर महिनाभराच्या सर्दीच्या खुणा असतात. शिवाय तो घेतलेला असतो वाढत्या अंगाचा. पहिल्या हिवाळ्यात मांडीपर्यंत लोंबतो, दुसऱ्या हिवाळ्यात बरा बसतो, तिसऱ्या हिवाळ्यात बाह्या मनगटाच्या वर चढतात. म्हणजे तीन वर्षांत पोरगं त्यात एकच वर्ष नीट दिसतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी हाडापेराने पोरं इतक्या झपाट्याने वाढतात, की तेही वर्ष कधी हुकतं. यात आईबापांना बोल लावता येत नाही. कापसाच्या भावावर ज्यांचं वर्ष ठरतं, त्या घरात दर हिवाळ्याला नवा स्वेटर येणं अवघड. पण त्या सैल, गोळे धरलेल्या स्वेटरात सगळ्या वर्गासमोर उभं राहायचं असतं ते पोराला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली किशोरवयाबद्दल एक कल्पना मांडली. या वयातल्या मुलामुलींना सतत वाटत राहतं, की सगळ्यांचे डोळे आपल्यावरच आहेत. एल्काइंड यांनी याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. खेड्यात हा प्रेक्षक पुरता काल्पनिक नसतो. स्टँडवर चहा पिणारा माणूस बापाच्या ओळखीचा असतो, समोरून येणारी मुलगी दुसऱ्या तुकडीतली असते, आणि आज कानटोपी घालून आलेल्या मुलाला उद्यापासून काय नाव पडेल ते सांगता येत नाही. कानटोपीने सकाळी भांग पाडून बसवलेले केस विस्कटतात ही तक्रार मोठ्यांना क्षुल्लक वाटते, पण चौदाव्या वर्षी ती क्षुल्लक नसते. त्याच पोराला काळी हुडी किंवा मोठ्या भावाचं जर्किन मिळालं, तर तो ते डिसेंबरातच काय, मार्चच्या उन्हातही अंगावरून काढत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी ठळक दिसतं. तोंडाला स्कार्फ आणि वर जॅकेट अशा कितीतरी मुली भर एप्रिलात सायकलवर दिसतात. उन्हापासून बचाव हे एक कारण, रस्त्यावरच्या नजरा हे दुसरं. तेव्हा या वयात कपडा अंगावर चढतो किंवा उतरतो तो केवळ हवामान बघून नव्हे.

हुडी-जर्किनचा हट्ट थंडीच्या शास्त्रालाही धरून आहे. विणलेल्या स्वेटरची ऊब त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची असते. वारा नसला तर ती टिकते, पण सायकल वेगात आली की वारा विणीतून आरपार जातो आणि ऊब घेऊन जातो. अमेरिका-कॅनडात २००१पासून वापरात असलेल्या वाऱ्याच्या गारठ्याच्या सूत्राने गणित मांडलं, तर १० अंश तापमानात ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालवणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ८ अंशांसारखा गारठा लागतो. मोटारसायकल ताशी ४० किलोमीटरने चालली, तर तोच गारठा ६ अंशांसारखा. अशा वेळी जाड विणीच्या स्वेटरपेक्षा वारा अडवणारं पातळ जर्किन पुष्कळदा जास्त कामाचं. पहाटे मोटारसायकलवर निघणारी माणसं शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालतात, ते याच कारणासाठी. वारा अडवणारा पातळ थर वर आणि साधा बनियन-टीशर्ट आत, ही जोडी पोरांना पटते, दप्तरात घडी होऊन बसते, आणि तिला वाढत्या अंगाचा प्रश्नही कमी छळतो.

पण शाळेत हे चालतं का? अनेक ठिकाणी चालत नाही. कुठे शाळेच्या रंगाचाच स्वेटर हवा, कुठे हुडी म्हणजे टवाळखोरपणा, कुठे परिपाठाला गणवेश दिसला पाहिजे म्हणून अंगावरचं काढून ठेवायला लावतात. सकाळच्या शाळेत थंडीतला सगळ्यात गार अर्धा तास पोरं मैदानावर नुसत्या शर्टात रांगेत उभी असतात. या नियमांचा प्रश्न जानेवारी २०२३मध्ये गुजरातेत फार दुःखद रीतीने पुढे आला. राजकोटच्या एका शाळेत सकाळच्या वेळी आठवीतली मुलगी वर्गात कोसळली आणि दगावली. शाळेच्या ठरलेल्या स्वेटरशिवाय दुसरा जाड कपडा घालू दिला जात नव्हता, असा आरोप कुटुंबाने केला. तिच्या मृत्यूला थंडी कितपत कारण होती हा वैद्यकीय प्रश्न वेगळा. पण त्यानंतर तिथल्या शिक्षण खात्याला शाळांना बजावावं लागलं, की ठरावीक स्वेटरची सक्ती करू नका, मूल जो उबदार कपडा घालून येईल तो घालू द्या. एवढी साधी सूचना निघायला एका लेकराचा जीव जावा लागतो, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने मनावर घ्यावी अशी आहे.

वेळेची गोष्टही याच्याशीच जोडलेली. डिसेंबर २०२३मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करा, मुलांची झोप पुरी होत नाही, असं सुचवलं. ८ फेब्रुवारी २०२४ला शासनाचा निर्णय आला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे. निर्णय चांगलाच होता, पण तो चौथीपाशी थांबला. झोपेचा अभ्यास करणारे सांगतात, की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. रात्री उशिरा झोप लागते आणि सकाळी लवकर जाग येत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली म्हणूनच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली आणि कॅलिफोर्निया राज्याने २०२२पासून तसा कायदाच अमलात आणला. आपल्याकडे किशोरवयीन मुलं या विचारातून बाहेर राहिली. खेड्यातल्या शाळा एरवी दहा-साडेदहाला भरतात हे खरं, पण शनिवारची शाळा सकाळची असते, अकरावी-बारावीचे तास पुष्कळ ठिकाणी सकाळचे असतात, आणि दहावीचं वर्ष आलं की खाजगी क्लास पहाटे सहाला सुरू होतात. एसटीच्या पहिल्या फेरीवर ज्यांचं येणं-जाणं अवलंबून, त्यांना तर वेळ निवडताच येत नाही. जालना जिल्हा मानव विकास कार्यक्रमात आहे, त्यातून मुलींना शाळेत नेणाऱ्या एसटी बस मिळतात, मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, आणि या दोन गोष्टींनी खेड्यातल्या असंख्य मुली शाळेत टिकल्या. पण बसथांब्यावर आडोसा नसतो. उघड्या फाट्यावर मुलीला अर्धा तास उभं राहावं लागतं. पुढे वर्गातही तिला ऊब मिळत नाही. वर पत्रे, खाली गार फरशी, आणि बंद न होणाऱ्या खिडक्या.

आणि सरकारी गणवेशात स्वेटर नाही. समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाचे दोन संच मिळतात, प्रत्येकी ३०० रुपयांचे. २०२३पासून बूट आणि पायमोजेही द्यायचं ठरलं, त्यासाठी १७० रुपये धरले गेले. महाराष्ट्र म्हणजे उन्हाचा प्रदेश, अशी समजूत या यादीमागे असावी. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८मध्ये पारा १.८ अंशांवर आला होता, त्या राज्याची ही यादी आहे. उत्तर प्रदेशात शासन शाळकरी मुलांच्या पालकांच्या खात्यात वर्षाला १,२०० रुपये टाकतं, त्यात गणवेश, बूट-मोजे, दप्तराबरोबर स्वेटरसाठी २०० रुपये असतात. दोनशे रुपयांत फार चांगला स्वेटर येत नाही, हे कुणालाही कळतं. पण मुलाला थंडी वाजते हे तिथल्या कागदावर निदान मान्य केलेलं आहे. आपल्याकडे नववी-दहावीला तर गणवेशाचा हा लाभही संपतो. अंग सगळ्यात झपाट्याने वाढतं तीच ही वर्षं.

इथवर पोहोचल्यावर त्या ‘मला नाही वाजत थंडी’कडे पुन्हा नीट बघावं लागतं. कारण हे वाक्य दोन अगदी वेगळ्या घरांतली पोरं बोलतात. एका घरात स्वेटर खुंटीवर आहे आणि पोराला तो नको आहे. दुसऱ्या घरात एकच स्वेटर आहे, तो धाकटीला घातलाय. किंवा तोही नाही, आणि पोराला ते चारचौघांत कळू द्यायचं नाही. वर्गात सरांनी विचारलं, ‘का रे, स्वेटर कुठंय?’ तर दोघेही एकच उत्तर देतात. पहिला मान खाली घालून हसतो, दुसराही हसतो. या वयात गरिबी लपवण्याइतकी शक्ती माणूस दुसऱ्या कशावर क्वचितच खर्च करतो.

घनसावंगी, अंबड, परतूर या भागातून दर वर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. आणि इकडे अंकुशनगर, तीर्थपुरीच्या कारखान्यांवर बाहेरच्या टोळ्या येतात. कोपीत राहणाऱ्या या घरांचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो, दवाने भिजलेल्या फडात. आईबापांबरोबर गेलेलं मूल शाळेला मुकतं. मागे राहिलेलं मूल आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात असतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने संत भगवानबाबा वसतिगृह योजना आखली, ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहं. पण ऐन थंडीचे तीन-चार महिने घरात आई नसलेली मुलं या पट्ट्यात अजून पुष्कळ आहेत. त्यांना सकाळी ‘सुटर घाल’ म्हणून मागे लागणारंच कुणी नसतं. बाजारातून नवा आणायचा तर उचलीचे पैसे कधीच खर्ची पडलेले असतात. या मुलांचा नकार शिक्षकांना वेगळा ओळखता आला पाहिजे. त्यासाठी भर वर्गात विचारणं हा सगळ्यात वाईट मार्ग. दोन-चार दिवस लक्ष ठेवलं, तरी कळतं. ज्याच्याकडे आहे तो कडाक्याच्या एखाद्या दिवशी तरी घालून येतो. ज्याच्याकडे नाही तो त्या दिवशी येतच नाही, किंवा बापाचं उपरणं दप्तरात लपवून आणतो.

थंडीने नक्की काय बिघडतं, याबद्दलही थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण ‘निमोनिया होईल’ या धमकीला पोरं भीक घालत नाहीत. सर्दी विषाणूंनी होते, स्वेटर न घातल्याने थेट होत नाही. पण २०१५ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर दाखवलं, की गार नाकाच्या ३३ अंश तापमानात सर्दीच्या एका विषाणूविरुद्ध शरीराचा पहिला प्रतिकार ३७ अंशांच्या तुलनेत मंदावतो. आजीच्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे. दमा असलेल्या मुलाला गार, कोरडी हवा खरोखर बाधते. आणि ज्या मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांचं शरीर ऊब धरून ठेवण्यात मागे पडतं, हे लोहाच्या कमतरतेवरच्या प्रयोगांतून पुढे आलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी यासाठीच असते, आणि ती किती मुली प्रत्यक्ष गिळतात याकडेही हिवाळ्यात जरा जास्त लक्ष द्यायला हवं. धडधाकट, सायकल दामटत येणारा पोरगा दहा अंशांत शर्टावर आला तर त्याचं फारसं बिघडत नाही. पेडल मारून त्याचं अंग तापलेलं असतं. एसटीची वाट बघत निश्चल उभी असलेली हडकुळी मुलगी ‘नाही वाजत’ म्हणाली तर तिचं म्हणणं तसंच सोडून देऊ नये.

एक धोका मात्र फार कमी बोलला जातो. शेकोटी. ॲक्रिलिक, नायलॉन आग लागली की वितळतं आणि अंगाला चिकटतं. पहाटे फाट्यावर पाचट, टायर, प्लास्टिक पेटवून भोवती उभी राहणारी पोरं बहुतेक असल्याच धाग्यांच्या कपड्यांत असतात. ओढणी आणि लोंबती बाही जाळापासून लांब ठेवा, हे प्रत्येक शाळेने हिवाळ्याच्या पहिल्या आठवड्यात सांगायला हवं.

करण्यासारखं बरंच काही गावातच होऊ शकतं. मराठवाड्यातले कितीतरी शिक्षक थंडीत पहिले दोन तास वर्ग बाहेर कोवळ्या उन्हात बसवतात. त्याला पैसा लागत नाही आणि परवानगीही. परिपाठ सावलीतल्या बाजूऐवजी उन्हाच्या बाजूला घेता येतो. शनिवारची शाळा डिसेंबर-जानेवारीपुरती तासभर उशिरा भरवता येते. वर्गात भिंतीला खिळ्यांची एक पट्टी ठोकली, तर स्वेटर सांभाळण्याची अर्धी कटकट मिटते. क्लासवाल्यांनी सहाची बॅच सातला नेली तर दहावीचा निकाल काही पडत नाही.

गणवेशाचा अधिकारही आता पुन्हा गावाकडे आलेला आहे. ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून मध्यवर्ती खरेदीचा प्रयोग झाला, गणवेश उशिरा आले, मापं चुकली, आणि डिसेंबर २०२४मध्ये शासनाने तो निर्णय फिरवून खरेदी शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. त्याच बायका, ज्या रोज सकाळी दारात उभ्या राहून ‘सुटर घाल’ म्हणतात. कोणत्याही रंगाचा उबदार कपडा चालेल एवढा एक ठराव, आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यासाठी गावातून वर्गणी काढून, नाव न फोडता, जर्किनं घेण्याचा दुसरा ठराव, समितीच्या एका बैठकीत होऊ शकतो. माप मात्र पोरांचं घ्यावं आणि रंगही त्यांनाच निवडू द्यावा. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतात तेव्हा कडाक्याच्या थंडीला अजून तीन-चार आठवडे असतात. तेवढ्यात बैठक झाली, तर कपडे डिसेंबर उजाडण्याआधी अंगावर येतील.